गाडी दिसेनाशी होईस्तोवर

मायची आणि माझी शेवटची भेट झाली त्या दिवशी तिनं माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, माझ्याच गाडीत बसवून फाट्यापर्यंत पाठवलं होतं. कशासाठी, तर मला सोबत म्हणून. मी नांदेडहून गाडीनं आले होते, गाडीला ड्रायव्हर होता, ड्रायव्हरला रस्ता पाठ होता, आणि पंचावन्न वर्षांच्या बाईला आमच्या गावापासून देवगाव फाट्यापर्यंतच्या पाऊण कोसात कुणी पळवून नेईल, अशी शक्यता मला तरी आरशात बघून वाटत नव्हती. पण मायला खाटेवरून उठता येत नव्हतं, तिला स्वतःला सोबत येणं शक्य नव्हतं, म्हणून ती एकसारखी म्हणत राहिली, "वच्छी एकटी जायलीय. कुणी हाय का न्हाई घरात?" मिलिंदचा उजवा गुडघा गेली काही वर्षं त्याच्यावर रुसलेला आहे. तरी तो बिचारा उठला, गाडीत बसला, फाट्यावर उतरला आणि माझी गाडी वळणाआड जाईपर्यंत काठी टेकून उभा राहिला. मग पाऊण कोस चालत घरी गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, माय इच्यारायलीय, गाडी दिसेनाशी झाल्यावरच वळलो ना मी? तू सांग बरं तिला. माज्यावर इस्वास न्हाई तिचा." मी फोनवर ओरडून साक्ष दिली. नवव्या दिवशी सकाळी पुन्हा त्याचाच फोन. हॅलो न म्हणता तो नुसता श्वास घेत राहिला, आणि मी ओट्यावरचं दुधाचं पातेलं उगीच इकडून तिकडं सरकवत राहिले… कारण तो बोलेपर्यंत ती गेलेली नव्हती.

त्याला आता सहा आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायला बसले की पेन अडतं, कारण सांगण्यासारखं मोठं असं तिनं काही केलं नाही. संस्था काढली नाही, मोर्चा नेला नाही, भाषण तर सोडाच. जन्मभर रानात खुरपलं आणि घरी भाकरी थापल्या. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, माय गुरुजी म्हणायची. तिला लिहायला-वाचायला शिकवण्याचा त्यांनी बराच खटाटोप केला. पाटीवर अ काढून दिला की ती म्हणायची, "ह्याचं मी काय करू?" शेवटी ती शिकली त्या फक्त एसटीवरच्या पाट्या. जिंतूर, सेलू, परभणी, मंठा. एवढ्या चार शब्दांपुरती साक्षर होती माझी माय, आणि तेवढ्यावर तिनं निम्म्या गावाला योग्य त्या गाडीत बसवलं.

आमच्या गावात तेव्हा एसटी येत नव्हती. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, रस्त्यावर दुष्काळी कामातली खडी पडली होती पण तिच्यावर रोलर फिरायचा राहून गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. कुणालाही कुठंही जायचं तर डोक्यावर गाठोडं घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथं लिंबाखाली गाडीची वाट बघत बसायचं. सासरी निघालेल्या पोरी, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, कोर्टाची तारीख असलेले, पोराच्या नोकरीच्या गावी पहिल्यांदाच निघालेले. आमचं घर गावाच्या कडेला, फाट्याच्या वाटेवर. कुणी एकटं जाताना दिसलं की माय हातातलं काम ठेवून विचारायची, "एकटेच निघाले का? देऊ का हात जरा?" आणि मग घरातलं एक माणूस त्याचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेऊन त्याच्यासोबत जायचं. ती स्वतः, नाहीतर मी, नाहीतर आम्ही दोघी. मिलिंद लहान होता, त्याच्याकडे पाण्याची कळशी असायची, तिच्यातलं निम्मं पाणी वाटेत त्याच्या चड्डीवर सांडायचं. माणूस गाडीत बसलं, गाडी हलली, की हात करायचा, आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर वळायचं नाही. "आतलं माणूस माघारी बघत असतं," माय म्हणायची. "त्यानं बघावं आन् तितं कुणी नसावं… ह्याच्यावानी वंगाळ काई न्हाई."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा ती माहेरी निघाली होती आणि दिराला तिला गाडीत बसवून द्यायला पाठवलं होतं. दिराला म्हणजे आमच्या चुलत्याला त्या दिवशी कुस्त्या बघायच्या होत्या. त्यानं वहिनीला लिंबाखाली बसवलं आणि "येईल आता गाडी" म्हणून तो जो पळाला तो पळाला. नवी नवरी, डोक्यावरून पदर, अंगात कणकण. गाडी आली की हात करायचा असतो हे तिला माहीत होतं, पण चारचौघांत बाईनं हात कसा वर करायचा? तीन गाड्या तिच्यासमोरून गेल्या. दिवस कलायला लागल्यावर ती उठली आणि चालत माघारी सासरी आली. ही गोष्ट ती हसून सांगायची. तिचा तो दीर म्हातारपणी आमच्याकडे आला की ती आवर्जून त्याला फाट्यापर्यंत पोचवायला जायची, आणि वाटेत विचारायची, "कुस्ती कोण जिंकली व्हती ओ भाऊजी?"

दादांना हे मान्य नव्हतं. सोबत मान्य होती, ओझं नाही. आम्ही बौद्ध. धम्म घेतला तेव्हा दादा विशीत होते. त्याआधी त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं केली होती, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे ओझी वाहणं. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं बिछान्यापासून घमेल्यापर्यंत सगळं सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत डोक्यावरून न्यायचं. दादा सांगायचे, "माज्या बापाच्या टाळूवर केस न्हवते. वयानं गेले न्हाईत ते. वझ्यानं गेले." धम्म घेतला त्या वर्षी आमच्या आज्यानं गावकीचं काम सोडलं, आणि त्यानंतर दादांनी कधी डोक्यावर काही घेतलं नाही. बाजाराची पिशवीसुद्धा सायकलच्या दांड्याला अडकवायचे. त्यांनी एकदा मायला अगदी शांतपणे विचारलं होतं. मी चुलीजवळ लसूण सोलत होते.

"आपुन वझं खाली ठिवलं ना? मग आता परत डोक्यावर कशाला घ्यायलीस?"

"तवा सांगितलं म्हणून उचलायचे. मला कुणी सांगितलं? मीच इच्यारायलेय, देऊ का म्हणून."

"गावाला कळतो का ह्यातला फरक?"

"न्हाई कळला तर न्हाई. मला कळतो."

पण त्या बोलण्यानंतर तिनं काही गोष्टी ठरवून घेतल्या, आणि आम्हालाही त्या पाळायला लावल्या. "ए, उचल गं" असं जो म्हणेल त्याचं ओझं उचलायचं नाही, तो कितीही म्हातारा असला तरी. ओझं घेतलं तर चालायचं ते माणसाच्या बरोबरीनं, एका रेषेत, त्याच्या मागं नाही. लिंबाखालच्या दगडावर तो बसला तर आपणही त्याच दगडावर बसायचं. काही दिलं तर घ्यायचं नाही, शेंगदाणेसुद्धा नाही. ह्यातलं शेवटचं कलम मला फार जड जायचं. बाकीची कलमं गावातल्या काही लोकांना जड जायची. एक कारभारी होते, त्यांना लोकांनी आपल्या मागून चालण्याची सवय. माय त्यांच्या बरोबरीला आली की ते पाय उचलायचे, तीही उचलायची. ते दोघं असे धावतपळत फाट्यावर पोचायचे की गाडी यायला अजून तासभर असायचा. मग त्याच दगडावर दोन टोकांना दोघं घाम पुसत बसायचे. पुढच्या खेपेला मात्र कारभारी आमच्या दारात थांबून खाकरले. सोबतीशिवाय वाट कंटाळवाणी होते हे त्यांनाही समजलं असावं. दुसरं काही समजलं का, मला माहीत नाही.

आता मला माझ्या पराक्रमाकडे यावं लागणार. मी बारा वर्षांची होते आणि माझ्या अंगात एक कला होती. डोक्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर गाठोडं घेतलं की मी दोन्ही हात सोडून चालू शकायचे. नुसतं चालायचेच नाही, तर चालताचालता टाळ्या वाजवू शकायचे. ह्या कलेला गावात कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी ती फाट्यावर दाखवायचे. त्या दिवशी रुक्माकाकू निघाली होती. रुक्माकाकू गावातल्या शेतकरी घरातली, मराठ्याची, घरी चार बैल असलेली पण स्वभावानं गरीब. तिची लेक सुमन येलदरीच्या अलीकडच्या एका गावात दिली होती. ती दुसऱ्या खेपेची बाळंतीण झाली होती, सासरीच, आणि काकू तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन निघाली होती. पितळी डबा, वर कुंची, दुपटी, सगळं जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेलं. रुक्माकाकू आमच्या घरचं पाणी प्यायची नाही. पण वाटेनं आमच्या डोक्यावर गाठोडं द्यायला तिची हरकत नसायची, आणि लिंबाखाली, तिथं गावातलं कुणी नसलं तर, ती दगडावर अगदी खेटून बसायची आणि मायला घरातलं सगळं सांगायची. त्या दिवशी माय रानात होती. मी एकटीच गेले.

गाडी आली ती भरलेली. काकू घुसली, कंडक्टर ओरडला, घंटी वाजली. मी नियमाप्रमाणे हात केला. एक नाही, दोन्ही केले, कारण दोन्ही मोकळे होते. फाट्यावर चहाचं हॉटेल होतं, तिथं दोन परगावच्या पोरी बसल्या होत्या, त्यांनी बघावं म्हणून मी मानही न हलवता हात हलवत राहिले. नियमाप्रमाणे गाडी दिसेनाशी होईस्तोवर वळले नाही. एवढ्या मनापासून मी तो नियम कधी पाळला नव्हता. धूळ खाली बसली तेव्हा हॉटेलवाले चाचा बाहेर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हाथ तो खूब हिलाई बेटी. अब सर पे क्या है, वो देख जरा."

रुक्माकाकूचं गाठोडं माझ्या डोक्यावर होतं.

त्यानंतर त्या बाजूला जाणारी गाडी सकाळीच. मी गाठोडं घेऊन घरी आले ती रडतच, पण हात न लावता, हेही कबूल केलं पाहिजे. मायनं ते माझ्या डोक्यावरून उतरवलं आणि खुंटीला टांगलं. गाठ सोडली नाही. दादा शाळेतून आले, खुंटीकडे बघितलं, सगळं ऐकलं, मला हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते मायला म्हणाले, "आता हे खाण्याचं हाय. आपल्या घरात रातभर ऱ्हायलं. उद्या तू नेऊन देशील आन् ते उकिरड्यावर टाकतील."

"लेकराच्या बाळंतपणाचे लाडू कोण टाकतंय?"

"टाकतील. मग तू इतकी वर्सं गावाची वझी वाहून काय मिळवलंस ते सांग मला."

माय तव्याकडे वळली. भाकरी उलटली, परत उलटली, करपली. मग म्हणाली, "त्यांनी टाकले, तर मी आजच्यापून कुणाच्या वझ्याला हात लावणार न्हाई. तुमच्या बापाची शपथ."

आज्याची शपथ आमच्या घरात कुणी घेत नसे. त्या सगळ्या जेवणात मी गाठोड्याकडे बघत बसले होते. माझ्या एका करामतीनं घरातली एवढी मोठी गोष्ट खुंटीला टांगली गेली होती.

सकाळी आम्ही दोघी निघालो. जिंतूरला गाडी बदलली, उतरून पुन्हा चाललो. ह्या खेपेला गाठोडं मायनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, आणि मी तिच्या बरोबरीनं चालत होते. सुमनच्या सासरचं घर ऐसपैस, ओसरी शेणानं सारवलेली. रुक्माकाकू आम्हाला बघून धावत पुढं आली आणि "आगं बाई, गयाबाई" म्हणून रडायलाच लागली. रात्रभर ती विहीणबाईंची बोलणी खात होती, लाडू न आणताच लाडू आणल्याचं सांगते म्हणून. विहीणबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. वाईट बाई नव्हती ती, हे मला आता म्हणता येतं. तेव्हा म्हणता आलं नसतं. त्यांनी विचारलं, "रातभर कुटं व्हतं हे?"

मायला सांगता आलं असतं की शाळेत होतं. चाचांच्या हॉटेलात होतं, म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाटभर मी मनात अशा तीन-चार थापा रचून ठेवल्या होत्या, कारण थापांच्या बाबतीत मी लहानपणापासून कष्टाळू आहे. माय म्हणाली, "आमच्या घरी. खुंटीला."

"आमच्या म्हंजे?"

"आमच्या. बौद्धांच्या."

रुक्माकाकू जमिनीकडे बघत होती. विहीणबाई म्हणाल्या, "ठिवा तितं, गोठ्याच्या कडंला." मग आत बघून, "च्या टाका गं दोन कप." चहा आला तो बाहेरच्या कोनाड्यातल्या कपबशांत. कोनाडा आम्हाला ओळखू येत होता. मला भयंकर तलफ आली होती, माझा हात कपाकडे गेलाही होता, पण मायनं मांडीला असा चिमटा काढला की तो तिथंच थांबला. "च्या सोडलाय आमी," माय म्हणाली. दिवसाला पाच वेळा चहा पिणारी बाई!

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला उभ्या होतो, तेव्हा रुक्माकाकू धापा टाकत आली. डोक्यावरचा पदर घसरला होता. मायच्या शेजारी उभी राहिली.

"गाईला घातले," ती म्हणाली. "म्या काई बोलले न्हाई, गयाबाई. माजी लेक त्यांच्या घरात हाय."

मायनं मान हलवली. रागानं नाही, नुसती हलवली. काकू गेली नाही. आमची गाडी येईपर्यंत थांबली, आम्ही चढलो तशी बाजूला सरली, आणि मी मागच्या काचेतून बघत होते तर ती रस्त्यात उभी होती, लहान लहान होत. गाडी वळेपर्यंत होती. माय पुढं बघत होती. मी म्हटलं, "माय, काकू अजून हाय." ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

घरी दादा दारातच होते. "काय झालं?"

"गाईनं खाल्ले."

"कोणत्या?"

"तांबड्या."

दादांनी पुढं काही विचारलं नाही. बोलून दाखवलं असतं तर माय भांडली असती, आणि भांडली असती तर मोकळी झाली असती. त्यांनी फक्त चुलीपुढं बसून स्वतःच चहा केला, अर्धा सांडला, आणि तिच्यापुढं ठेवला. चहा सोडलेल्या बाईनं तो प्यायला आणि वर आणखी एक मागून घेतला.

त्या दिवसापासून मायनं कुणाचं ओझं उचललं नाही. पण सोबत सोडली नाही. "वझ्याला हात लावणार न्हाई म्हणले व्हते," ती मला म्हणाली, "वाट चालणार न्हाई असं कुटं म्हणले?" ती आता दोन्ही हात पाठीमागं बांधून माणसाच्या बरोबरीनं चालायची. आम्हा पोरांना शपथ नव्हती, पण ती आम्हालाही ओझं घेऊ द्यायची नाही. लोक आपली गाठोडी आपण वाहायचे, कुणी विचारायचं नाही, पण वाटेवरचं बोलणं कमी झालं होतं. मला हात मोकळे सोडून चालायला मिळत नव्हतं, आणि खरं सांगते, मिळालं असतं तरी मी सोडले नसते.

चार-सहा महिन्यांनी सुमन बाळाला घेऊन माहेरी आली. परत निघाली त्या दिवशी रुक्माकाकूच्या डोक्यावर गाठोडं, सुमनच्या कडेवर लेकरू, हातात पिशवी. माय शेजारून, हात मागं. मी पाठीमागून. एवढ्यात दादा शाळेतून सायकलवर समोरून आले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, त्याला इस्त्री नसली तरी घड्या असायच्या. ते उतरले. सायकल माझ्याकडे दिली. रुक्माकाकूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "देऊ का हात जरा?"

काकूनं मायकडे बघितलं. दादांनी गाठोडं तिच्या डोक्यावरून उचलून आपल्या डोक्यावर घेतलं. चुंबळ नव्हती, ती लागते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, गाठोडं एका बाजूला कललं, ते सावरताना त्यांचा चष्मा नाकावर आला.

"गुरुजी, ठिवा ते खाली," माय म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. "तुमी न्हाई घ्यायचं."

"शपथ तू घेतलीस. मी कुटं घेतली?"

"लोक बघायलेत."

"बघू दे. मला कुणी सांगितलं का उचल म्हणून?"

आणि ते चालायला लागले. रुक्माकाकूच्या बरोबरीनं, एका रेषेत. मान ताठ ठेवायची असते हे त्यांना जमत नव्हतं, ते गाठोड्याखाली सारखे इकडंतिकडं बघत होते, जसं काही वर्गात कोण बोलतंय ते शोधत आहेत. फाट्यावर चाचा हॉटेलातून बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. त्यानंतर दादांनी हे काम नोकरी संपेपर्यंत आणि संपल्यावरही केलं. वाटेत दिसेल त्याला विचारायचे, "देऊ का हात?" गावात सडक आली, गाडी आली, तेव्हा गावातल्या थांब्यापर्यंत जाणाऱ्यालाही विचारायचे. आणि माय त्यांच्यासोबत चालायची, हात मागं बांधून. मला नेहमी वाटायचं, तिच्या मनात ती तांबडी गाय अजून बसलेली आहे. दादा गेले तेव्हाही मी तिला विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायला घरात एक वेळ असते, ती आमच्याकडून टळली होती.

मायच्या पुण्यानुमोदनाला सुमन आली होती. येलदरीकडून एकटी, दोन गाड्या बदलून. केस पांढरे, पाठीला बाक. मांडवात मागच्या ओळीत बसली, वंदना होईपर्यंत हात जोडून होती, पंगतीत जेवली, आणि निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वच्छे, चालतच जाऊ फाट्याला." रिक्षा दारात उभी होती. आम्ही चालत गेलो. सडक आता डांबरी आहे, ट्रक अंगावरून जातात, बोलणं तुटत होतं. लिंब केव्हाच तोडला आहे. थांब्याच्या पत्र्याखाली बसल्यावर ती म्हणाली, "तुला एक सांगू? गयामावशीनं कदी सांगितलं का तुला?"

"काय?"

"ते लाडू. समदे न्हाई घातले गाईला. दोन आईनं पदरात दडवून आत आणले. म्या खाल्ले. बाजेवर बसून, तोंडावर पदर घेऊन. लय भूक लागली व्हती, वच्छे. इतकं गोड मला पुन्ना कदी काई लागलं न्हाई."

मी म्हटलं, "माय गेली गं… तिला हे कळलं असतं तर…"

"तिला म्हाईत व्हतं. म्या त्याच खेपेला सांगितलं. मास्तर आईचं गाठोडं घेऊन लिंबाखाली उभे व्हते आन् तू सायकल धरून. म्या हळूच म्हणलं, मावशी, तुमची शपथ सुटली, लाडू खाल्ले की म्या. उचला आता."

"मग?"

"मावशीनं माज्या तोंडावर हातच ठिवला. म्हणली, हळू बोल. म्या उचललं तर गुरुजी खाली ठिवतील."

तिची गाडी आली. मी तिला चढवलं, पिशवी तिच्या हातात दिली, नीट दिली, दोनदा बघून. ती खिडकीशी बसली. गाडी हलली, मी हात केला. गाडी मंठ्याची नव्हती, जिंतूरचीच होती, तेही वाचून घेतलं. सुमन मागं बघत होती की नाही ते काचेवरच्या उन्हामुळे दिसलं नाही. मी उभी राहिले. गाडी लहान झाली, मग तिची फक्त चमक दिसली, मग तीही नाही.

मग मी वळले आणि गावाकडे निघाले. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की अख्खा रस्ता मोकळा असताना मी अगदी डाव्या कडेनं चालले आहे, उजव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडून.